हलक्या बोटाची तक्रार

"पिस्तूल ठीक आहे एवढं लिहून द्या, फौजी. बाकीचं आम्ही बघतो," नेमबाजी क्लबचे खरात सर फोनवर म्हणाले.

समोर टेबलावर ते पिस्तूल उघडून ठेवलेलं होतं. सकाळपासून मी त्यात दोष शोधत होतो आणि मला एकही सापडला नव्हता. म्हणजे खरात सर म्हणतात ते लिहून द्यायला काहीच हरकत नव्हती. तरी मी म्हणालो, "उद्या सांगतो."

"उद्या काऊन? सापडलं का काही?"

"नाही."

"मग?"

मी फोन ठेवला.

मी फौजेत आर्मोरर होतो. आर्मोरर म्हणजे हत्यारांचा डॉक्टर. निवृत्त झाल्यावर देऊळगाव राजात परतलो आणि रीतसर परवाना घेऊन शस्त्रदुरुस्तीचं दुकान टाकलं. माझी गिऱ्हाइकं बहुतेक शेतकरी. रानडुकरं आणि रोही, म्हणजे नीलगायी, हाकलायला पीकसंरक्षणाच्या परवान्यावर घेतलेल्या त्यांच्या बंदुका. कुणाची नळी गंजलेली, कुणाचा दस्ता उंदरांनी कुरतडलेला. निवडणूक आली की त्या ठाण्यात जमा होतात, सुटून आल्या की माझ्याकडे येतात. त्यामुळे नेमबाजीचं पिस्तूल दुकानात येणं म्हणजे माझ्यासाठी सणच.

हे पिस्तूल आणलं होतं नसरीन मॅडमनी. डोणगावच्या उर्दू शाळेत त्या गणित शिकवतात. वडिलांचं तिथंच कापडाचं दुकान. रविवार आला की एसटीनं जिल्ह्याच्या ठिकाणी जायचं, क्लबच्या रेंजवर सराव करायचा आणि संध्याकाळी परत, हा त्यांचा कितीतरी वर्षांचा नेम. पिस्तूल जुनं, परदेशी, अंगभर पोलादाचं, पॉइंट टू-टू बोअरचं. आजकालच्या पिस्तुलांत प्लास्टिक आणि अॅल्युमिनियम फार. हे हातात घेतलं की मनगट सांगतं, काहीतरी धरलंय. पण वजनाचा फायदा असा की एकदा स्थिर झालं की ते डुलत नाही. तोटा म्हणजे पोलाद घामाला भितं. हाताचा ओलावा पुसला नाही तर आठवड्यात लाल ठिपके दिसतात. शिवाय तेल जास्त झालं की आपल्याकडची काळी धूळ त्यात बसते आणि तेलाचा काचकागद होतो.

मॅडमच्या पिस्तुलावर एक ठिपका नव्हता. जुन्या सुती ओढणीचे तुकडे करून त्या ते पुसत. लाकडी मूठ आधीच्या मालकाच्या मोठ्या पंजासाठी कोरलेली होती. मॅडमनी त्यात पुट्टी भरून, घासून ती आपल्या हाताएवढी केली होती. इतक्या मायेनं ठेवलेलं हत्यार मी फौजेतही कमीच पाहिलं.

आणि त्याच पिस्तुलातून सरावाला एकदा चाप दाबल्यावर दोन गोळ्या सुटल्या होत्या.

हे किती गंभीर आहे ते सांगतो. सेमी-ऑटोमॅटिक म्हणजे एकदा दाबलं की एकच गोळी. रिकामं काडतूस बाहेर फेकणं आणि नवीन आत घेणं पिस्तूल स्वतः करतं, पण पुढची गोळी उडायला बोट सोडून पुन्हा दाबावंच लागतं. पहिल्या गोळीच्या धक्क्यानं नळीचं तोंड वर उचललं जातं. त्याच क्षणी दुसरी सुटली तर ती लक्ष्यावर जात नाही, वर जाते. मॅडमची दुसरी गोळी रेंजच्या वरच्या लाकडी तुळईत घुसली होती. वीतभर आणखी वर गेली असती तर बाहेर. बाहेर रस्ता आहे.

"दोन आवाज इतके जवळ आले की बाजूच्यांना वाटलं एकच आवाज घुमला," मॅडम मला सांगत होत्या. "मी पिस्तूल लक्ष्याकडेच ठेवलं. मॅगझिन काढलं. खाली ठेवलं आणि हात वर केला."

"बरोबर केलं."

"पण सगळे म्हणाले, मॅडमनी घाईत दोनदा दाबलं. चाचा, मी दोनदा नाही दाबलं."

सोबत आलेले त्यांचे अब्बा कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले होते. ते हळूच म्हणाले, "फौजी, मले तं वाटते लायसन परतच करून टाकावं. कुनाले लागली असती तं? पोरगी शाळेत तोंड कसं दाखवनार होती?"

मॅडम खाली बघत राहिल्या.

क्लबची अडचणही मला कळत होती. खरात सर सेक्रेटरी. माणूस वाईट नाही. पण तुळईत गोळी घुसली म्हणजे त्यांना कुणाला तरी जबाबदार धरणं भाग होतं. पिस्तुलात दोष निघाला तर मॅडम सुटणार. पिस्तूल ठीक निघालं तर निष्काळजीपणाचा ठपका बसणार, क्लबचं दार बंद, आणि तोंडावर आलेल्या राज्य स्पर्धेसाठी नाव जाणार नाही.

आता थोडं यंत्राबद्दल. चाप म्हणजे ट्रिगर, जो आपण बोटानं दाबतो. घोडा म्हणजे हॅमर, जो मागून येऊन आपटतो. सिनेमावाले या दोघांची सर्रास अदलाबदल करतात. घोड्याला मागे अडवून धरणारा एक छोटा दात असतो, त्याला सिअर म्हणतात. चाप दाबला की दात सरकतो आणि घोडा पडतो. गोळी सुटल्यावर वरची स्लाइड मागे जाते आणि घोड्याला पुन्हा मागे लोटते. आता बोट तर अजून चापावरच आहे. मग घोडा पुन्हा का पडत नाही? कारण डिस्कनेक्टर नावाची एक चिमुकली पट्टी चाप आणि सिअर यांची जोडी तेवढ्यापुरती तोडते. ती पट्टी झिजली तर एका दाबात दोन गोळ्या.

म्हणजे कुठं बघायचं ते मला माहीत होतं. पिस्तूल रिकामं करून, दोनदा खात्री करून, मी चाप दाबून धरला, स्लाइड मागे ओढून सोडली. घोडा मागेच थांबला. हवा तसा. पुन्हा केलं. पुन्हा थांबला. दुपारपर्यंत मी तेच करत होतो. पट्टी भिंगाखाली घातली. थोडी झीज होती, पण जुन्या पिस्तुलात असते तेवढीच. त्यानंतर खरात सरांचा फोन आला.

दुसऱ्या दिवशी मॅडम शाळेतून रजा घेऊन एकट्याच आल्या. मी खरं ते सांगितलं, "मला काही सापडलं नाही."

वाटलं होतं रडतील, नाहीतर भांडतील. त्यांनी विचारलं, "तुम्ही कसं तपासलं, ते मला दाखवता का?"

मी दाखवलं. चाप दाबला, स्लाइड ओढली, सोडली. घोडा थांबला.

"चाचा, तुम्ही चाप पार शेवटपर्यंत दाबला."

"मग?"

"मी तसं नाही दाबत. घोडा पडला की माझं बोट तिथंच थांबतं. पुढंही नाही, मागंही नाही. हे पिस्तूल आधी ज्यांचं होतं त्या डॉक्टरकाकांनी तसंच शिकवलं."

मी पिस्तूल पुन्हा तपासून, रिकामं असल्याची खात्री करून त्यांच्या हातात दिलं. म्हटलं, "भिंतीच्या वाळूच्या पेटीकडे तोंड करा आणि तुमच्या पद्धतीनं दाबा. बोट हलवू नका. स्लाइड मी ओढतो."

त्यांनी श्वास घेतला, अर्धा सोडला. चाप इतक्या सावकाश मागे येत होता की मला तो हलताना दिसेना. टक. घोडा पडला. बोट जागच्या जागी. मी स्लाइड मागे ओढली आणि सोडली.

स्लाइडच्या मागोमाग घोडाही पुढे आला. टक.

मी म्हणालो, "पुन्हा." पुन्हा तेच झालं. तिसऱ्यांदा मी स्वतः दाबून बघितलं, तर घोडा थांबला. माझं बोट हातोडीवाल्याचं, ते शेवटपर्यंत जातंच. शेवटपर्यंत दाबल्यावर पट्टीची झीज भरून निघत होती. घोडा पडला तिथंच बोट थांबवणाऱ्या माणसाच्या हातातच ती पट्टी दगा देत होती. म्हणजे रेंजवर आडदांडपणे चाप ओढणाऱ्या कुणाच्याही हाती ते पिस्तूल जन्मभर सरळ चाललं असतं.

"मॅडम," मी म्हणालो, "दोष पिस्तुलाचा आहे. आणि तो दिसला, कारण तुमचं बोट फार चांगलं आहे."

तेव्हा मात्र त्या रडल्या. मी चहा सांगायच्या निमित्तानं बाहेर गेलो.

दोष सापडणं वेगळं आणि सुटा भाग मिळणं वेगळं. हे मॉडेल बनणं कधीच बंद झालंय. असल्या पट्टीला कानशीच्या जोरावर जमवून घ्यायला मी तयार नव्हतो. कुणाच्या जिवाशी खेळ होईल ते काम आपण करायचं नाही. मी आधीच्या मालकांना फोन लावला. ते चिखलीचे एक निवृत्त डॉक्टर. ऐन उमेदीत नेमबाजी केली, पुढे हात थरथरायला लागले तेव्हा सगळ्या परवानग्या काढून पिस्तूल आपल्या शिष्येच्या नावावर करून दिलं. मी सगळं सांगितलं. तशी नवी पट्टी त्यांच्याकडे जपून ठेवलेली होती.

"मी येतो," म्हणाले.

"तुम्ही कशाला त्रास घेता? मीच—"

"हत्याराचा भाग आहे, फौजी. कुणाच्या हाती पाठवायचा नसतो. तुम्हाला माहीत आहे."

दुसऱ्या दिवशी पांढऱ्या शर्टातला तो म्हातारा माणूस एसटीतून काठी टेकत उतरला. हिंगाच्या डबीत, तेलात भिजवलेल्या चिंधीत, नवी कोरी पट्टी. पिस्तूल आयात करताना त्यांनी दुरुस्तीचा संच सोबतच घेतला होता, त्याच्या कागदांसकट.

मॅडम आल्याच होत्या. डॉक्टर त्यांना म्हणाले, "बेटा, मी स्वतः कसा दाबायचो माहीत आहे का? दांडगाईनं. तुला मात्र हलकं दाबायला शिकवलं. म्हणून माझ्याकडे असताना हा रोग कळला नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "पोट तपासतानाही असंच असतं. जोरात दाबलं की सगळीकडेच दुखतं. हलक्या हातानं दाबलं तर नेमकी जागा सापडते."

पट्टी बसवली. चापाला नियमाप्रमाणे किलोभराचं वजन टांगून बघितलं. घोडा न पडता ते उचललं गेलं, म्हणजे चाप नियमापेक्षा हलका नव्हता. मॅडमच्या बोटानं आम्ही कितीतरी वेळ रिकाम्या पिस्तुलाची परीक्षा घेतली. घोडा हलला नाही.

रेंजवर खरात सर म्हणाले, "फौजी, आधी तुम्ही चालवा."

"मी चालवून काय उपयोग? त्याच चालवतील."

मॅगझिनमध्ये दोनच गोळ्या भरल्या. पिस्तूल पुन्हा चुकलंच तर जास्त काही घडू नये म्हणून. मॅडमचा हात वर आला. आवाज झाला. एकच. मग दुसरा, त्यांनी दाबला तेव्हाच.

खरात सर बराच वेळ तुळईतल्या भोकाकडे बघत होते. माफी मागणं त्यांना जमत नाही. ते मॅडमना म्हणाले, "आधार कार्ड आणलं का? स्पर्धेचं नाव आजच पाठवून राह्यलो मी."

अब्बा माझ्याजवळ आले. दोन्ही हातांनी माझा हात धरला आणि एवढंच म्हणाले, "अल्ला तुमले सलामत ठेवो." मी म्हटलं, "अहो, काम तुमच्या मुलीनं केलं. मी फक्त स्लाइड ओढली."

मॅडमना पदक मिळालं नाही. पण पुढच्या फेरीला लागतात तेवढे गुण झाले, आणि पूर्ण स्पर्धेत पिस्तूल एकदाही अडलं नाही की चुकलं नाही. फोनवर त्यांनी हे मला सांगितलं तेव्हा मागून एसटीच्या स्टँडची घोषणा ऐकू येत होती. तिथूनच त्यांनी पहिला फोन मला केला होता, घरी नंतर. त्याचं मला अजून अप्रूप आहे.

इतकी वर्षं हत्यारं दुरुस्त केली, पण हे मला डोणगावच्या गणिताच्या बाईंनी शिकवलं. त्यांचे उपकार मानतो. आता कुणी उंद्रीहून बंदूक घेऊन आलं आणि "अशी अशी अडते" म्हणालं, तर मी आधी स्वतः हात लावत नाही. रिकामी करतो, परत त्याच्याच हातात देतो आणि म्हणतो, करून दाखव. निम्म्या वेळा दोष माणसाचा निघतो. उरलेल्या निम्म्या वेळा माझी दुपार वाचते.