आजची रात

अमरावतीतल्या आमच्या छोट्या सहकारी बँकेत मी वीस वर्षं कर्जाच्या फायली पाहिल्या. मागच्या हिवाळ्यात साहेबांनी कॉल मनीचं टेबल माझ्याकडे दिलं. प्रत्येक बँकेला दिवस संपताना ठरलेली शिल्लक दाखवावीच लागते. कुणाकडे पैसे जास्त असतात, कुणाला कमी पडतात. जास्त असणारी बँक दुसरीला ते एका रात्रीपुरते देते आणि सकाळी एका दिवसाच्या व्याजासकट परत घेते. तारण नाही, काही नाही, नुसता विश्वास. व्याजाचा दर मात्र दिवसभर वरखाली होत राहतो. एवढं मला पाठ होतं, आणि पाठ आहे म्हणजे समजलं असं मी धरून चालले होते.

तो ऐन कापसाच्या हंगामातला दिवस होता. अकोटच्या जिनिंगवाल्यांनी सकाळपासून भराभर पैसे काढले आणि अकरालाच दिसलं की आपल्याला आज कमी पडणार. बाजार पाचला बंद होतो. दंड झाला असता तर भरला असता, पण मला धास्ती होती बोभाट्याची. सहकारी बँकेबद्दल एक शब्द बाहेर पडला की दुसऱ्या दिवशी दारात रांग लागते. आणि त्याच बँकेत माझ्या आईची ठेव होती, जन्मभर मशीन चालवून, लोकांचे ब्लाऊज शिवून जमवलेली. माझ्याच सांगण्यावरून ठेवलेली.

मी अकोल्याच्या एका बँकेतल्या अधिकाऱ्याला फोन लावला. त्याची बायको माझ्या आईच्या भिशीत, म्हणजे माणूस घरचाच. आणि इथेच मी माती खाल्ली. कुणाकडे मागायला गेलं की आधी बसायचं, इकडचं तिकडचं बोलायचं आणि उठता उठता हळूच मागायचं, असं आमच्या घरचं वळण. विरजण हवं असलं तरी आई शेजारणीच्या नातवापासून सुरुवात करायची. मीही त्याच्या बायकोचे गुडघे विचारले, मुलाचं कॉलेज विचारलं, थंडीचा विषय काढला. घाई दिसली तर हा दर चढवून सांगेल, असा शहाणपणाही मनात होताच. तेवढ्यात त्याला कुणीतरी हाक मारली. "ताई, मंग बोलतो निवांत," म्हणून त्यानं फोन ठेवला. माझं मागायचं राहूनच गेलं.

मग त्याचा फोन लागेचना. दुसऱ्या बँकेकडे मागावं तर बोभाटा होईल, म्हणून त्यालाच लावत राहिले. चारला लागला, तर मी पुन्हा थंडीवर आले. मला माझीच चीड येते आठवलं की.

"ताई, काम काय हाय थे सांगा ना," तोच म्हणाला.

मी सांगितलं.

"मंग सकाळीच काहून नाई सांगतलं? तवा भरपूर होते. बाराले दुसऱ्याले देऊन टाकले."

थोडे उरलेत का बघा, मी म्हणाले. उरले होते, पण त्यानं सांगितलेला दर सकाळपेक्षा बराच वर होता.

"सकाळी तर एवढा नव्हता."

"सकाळी मागतले असते त मले वाटलं असतं, रोजचा व्यवहार हाय. तुमी चार वाजता मागून राहिल्या." मग आवाज खाली आणून त्यानं विचारलं, "बँक ठीक हाय ना तुमची?"

तेव्हा कुठे मला दर समजला. त्या वरच्या व्याजात त्याची भीती होती, आणि ती मी माझ्या गोडगोड बोलण्यानं वाढवून ठेवली होती.

"माझ्या आईचे पैसे आहेत इथे," मी म्हणाले. तो म्हणाला, "पाठवतो." पाचला दहा मिनिटं असताना पैसे आले.

सातच्या सुमारास अकोल्याहून आईचा फोन आला. तुरीच्या शेंगा महाग झाल्या, नळ आज आलाच नाही, असं ती बोलत राहिली. एवढी प्रस्तावना उगाच नव्हती.

"आई, सरळ बोल."

"आता भिशी होती ना आमची. त्या बँकवाल्याची बायको सांगत होती, तुमच्या बँकेले पैसे कमी पडले म्हणून. आपले पैसे काढून घेऊ का व?"

मला संताप आला. त्याचा, त्याच्या बायकोचा, आणि सगळ्यात जास्त माझा.

"सकाळी त्याचे पैसे परत जातील. ते गेले की तुला फोन करते. तोवर थांबशील?"

मी फोन कानाशी घट्ट धरून उभी राहिले.

"बरं," ती शेवटी म्हणाली. "आजची रात ठेवतो."