दुर्बिणीच्या दारावरचा बिरुदेव

आमच्या दवाखान्यात श्वासनळीत दुर्बीण घालून तपासतात, त्या खोलीच्या दारावर बिरुदेव बसतो. सांगोल्याकडचा, मेंढरं विकून सोलापुरात आलेला. दुर्बिणीला उपाशीपोटी यावं लागतं. पोटात काही असलं तर भूल दिल्यावर ते उलटून फुप्फुसात जातं. कुणी नुसता चहा प्यालाय असं कळलं तरी हा फटकळ माणूस दारातच त्याची बिनपाण्यानं हजामत करायचा. "जीव नकोसा झालाय व्हय तुला? जा घरी!" सिस्टर मी, पण लोक वचकायचे त्याला.

मग तो मेला कोरोना आला. दुर्बीण आत गेली की माणूस खोकतो आणि खोलीभर विषाणू पसरतो. म्हणून आधी स्वॅब, मग पूर्ण भूल, आत मोजकी माणसं, अंगावर उकडून काढणारा तो पांढरा पोशाख, आणि काम संपलं तरी हवा निवळेपर्यंत दार बंद. जिथं रोज रांग लागायची तिथं आठवड्याला जेमतेम दोघातिघांचा नंबर लागायला लागला.

नेमकी तेव्हाच बिरुदेवाच्या बायकोच्या, गोजाबाईच्या श्वासनळीत गाठ निघाली. शुक्रवार पेठेतल्या त्यांच्या खोलीत ती भिंतीला टेकून बसायची; आडवी झाली की गुदमरायची. एकदा नंबर हुकला, पुढच्या वेळी स्वॅबचा रिपोर्टच आला नाही. बिरुदेव माझ्या मागंमागं फिरायचा. "सिस्टर, बगा की वो. लई हाल हाईत तिचं."

शेवटी नंबर लागला. दारात मी गोजाबाईला विचारलं, "सकाळपासून काही घेतलंय का?" ती नवऱ्याकडं बघायला लागली. तोच म्हणाला, "पान्याचा थेंब न्हाय." आता त्याच्या शब्दावर नाही तर कुणाच्या शब्दावर विश्वास ठेवायचा?

भूल चढली आणि गोजाबाईच्या तोंडातून दूध आलं. पिवळं, हळदीचं. आम्ही नळीनं ओढून काढेपर्यंत बरंचसं आत उतरलं होतं. पोशाखात कुणाचं बोलणं कुणाला ऐकू येईना. दाराच्या काचेला कपाळ लावून बिरुदेव उभा होता. दार उघडायचं नाही हा नियम, आणि त्यानं तो पाळला.

तिला व्हेंटिलेटरवर ठेवलं. बाहेर आले ती त्याच्यावर ओरडलेच, "मेल्या, काय पाजलंस तिला?"

"सासूनं दुधाच्या गाडीवाल्याकडं शेळीचं दूध धाडलं हुतं. बिरोबाचा भंडारा घातलेलं. देवाचं नको कसं म्हनायचं? म्हटलं, घोटभर तर हाय."

"मग मला सांगायचं तरी!"

"नंबर गेला असता की वो."

वाटलं, थोबाडीत द्यावी याच्या. आणि तिथंच उभ्याउभ्या मला रडू फुटलं.

दोन-तीन दिवसांत गोजाबाई गेली. गाठ कसली होती, ते कळलंच नाही. बिरुदेव पुन्हा दारावर बसायला लागला, पण आता तो कुणावर आवाज चढवत नाही. ते काम माझ्याकडं आलंय.

लॉकडाऊन उठल्यावर त्याची सासू मायाक्का आली. म्हातारीला खरं कुणी सांगितलं नव्हतं. ती त्याच्या शेजारी फरशीवरच बसली आणि पदरानं डोळे पुसत म्हणाली, "त्या रोगानं लेकीचं तोंडबी बगू दिलं न्हाय. पर एक बरं झालं बगा जावयबापू, जाताना तिच्या पोटात देवाचं दूध हुतं. पाजलंसा न्हवं तुमी?"

"व्हय आत्या," बिरुदेव म्हणाला. "मीच पाजलं."