तिरपं पाऊल

चाची बोलता बोलता तुमच्या खांद्याला हलकेच धक्का द्यायची. तुम्ही घाईने हात वर केलात की हसायची. "हात आला. पाय कुठाय?" दुबईत, करामातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये लिफ्टची वाट बघतानाही तिचं हे चालायचं. भाजीच्या पिशव्या सावरत मी चिडायचे, पण पुढच्या वेळी पाय हलवायचे.

ती लेडीज टेलर. मूळची रत्नागिरीकडची. डोक्यावर ओढणी, गळ्यात मापाची टेप, वय साठीला टेकलेलं. ही बाई आम्हा पाच जणींना कुंग फू शिकवायची, हे सांगितलं की लोक मला वेड्यात काढतात. काढू देत. तरुणपणी शारजात युनिफॉर्म शिवायच्या कारखान्यात तिच्या शेजारच्या मशीनवर एक चिनी बाई बसायची. जेवणाच्या सुट्टीत कापडाच्या गठ्ठ्यांमधल्या जागेत तिने हिला शिकवलं. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. सर्टिफिकेट वगैरे काही नाही.

शनिवारी सकाळी गच्चीवर क्लास असायचा. वाऱ्याने आणलेली धूळ इथल्या गच्च्यांवर कायम असते. चाची ती झाडू द्यायची नाही. धुळीत पावलं उमटतात आणि कोणाचं काय चुकलं ते तिथेच दिसतं. आम्हा सगळ्यांची चूक एकच. समोरून ठोसा आला की हात अडवायला पुढे जायचा आणि पाय मागे.

"मागे जायची सवय कोणी लावली गं तुम्हाला?" ती ओरडायची. "मागे पाण्याची टाकी आहे, धडकून मरशील. तिरपी पुढे ये. हात आणि पाय एकाच वेळी. यल्ला, चल!"

सांगायला सोपं. ठोशाच्या रेषेतून तिरकं बाहेर पडायचं आणि पाऊल टेकतं त्याच क्षणी मनगटाने समोरचा हात बाजूला करायचा. माणूस अंगावर येत असताना पुढे पाऊल टाकायला मला चार महिने लागले. सासूसमोर, नवऱ्यासमोर, साहेबासमोर मी आयुष्यभर मागेच सरकत आले होते. ते चाचीने धुळीत वाचलं, याची मला लाज वाटली.

तिचा मुलगा अबुधाबीला, अल रीम आयलंडवर राहायचा. चांगला मुलगा, उगाच खोटं कशाला बोलू? पण आईने दुकान आणि हा क्लास बंद करून आपल्याकडे यावं, हा त्याचा हट्ट. एका शनिवारी तो थेट गच्चीवरच आला.

"अम्मी, खलास. गुडघा बघ तुझा. लोक व्हिडिओ काढतात, हसतात. सामान पॅक कर, मी गाडी आणलीय."

"हसू देत. दात आहेत त्यांना."

"अम्मी, प्लीज, इथे तमाशा नको." त्याने तिचं मनगट धरलं आणि तिला जिन्याकडे ओढलं.

पुढचं फार पटकन झालं. चाचीचा पाय तिरका पुढे पडला, धरलेला हात वळला, दुसरा हात त्याच्या कोपरावर गेला आणि तो सहा फुटी माणूस टाकीकडे तोंड करून उभा! ती त्याच्या पाठीमागे. आम्ही पाचही जणी हसलो. ती हसली नाही.

"मी कुठे राहायचं ते मी ठरवणार," ती म्हणाली. "आता नाश्ता करून जा."

तो नाश्ता न करता गेला. फोन करायचा, पण पुन्हा आला नाही. चाचीने आणखी सात महिने शिकवलं, शेवटी शेवटी खुर्चीत बसून. मग एका दुपारी दुकानात, मशीनवर बसल्या बसल्याच गेली.

दुकान आवरायला मुलगा आला, तेव्हा मी मदतीला गेले. गिऱ्हाइकांचे अर्धवट शिवलेले ब्लाउज वेगळे काढता काढता तो म्हणाला, "भाभी, त्या दिवशी मी तिचा हात धरायला नको होता. सगळ्यांसमोर बेइज्जती केली मी तिची."

मला त्याचा राग होता, खरं सांगते. सात महिने धरून ठेवला होता. पण पुढे काय झालं ते त्याच्यापासून लपवणं मला जमेना.

"अरे, तू गेल्यावर तिने आम्हा सगळ्यांना चहा पाजला," मी म्हटलं. "मनगटावर तुझ्या बोटांचे वळ उठले होते. ते प्रत्येकीला दाखवत होती. म्हणाली, पोराची पकड बघा कसली आहे. माझ्यावर गेलाय."

तो मशीनसमोरच्या स्टुलावर बसला आणि स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत राहिला.