पल्लवीनं नवमीला चालू ठेवलेलं ऑक्टेव्ह

जैनाबादची पल्लवी माझी पुतणी, त्यामुळे मी तिचीच बाजू घेणार. आधीच सांगितलेलं बरं. ती गणितात एम.एस्सी. करते. केळी पिकवायच्या खोलीत उष्णता घडाच्या आतपर्यंत कशी पोचते, याचं गणित हा तिचा प्रकल्प. त्याला संगणकावर महागडं सॉफ्टवेअर लागतं. प्रकल्पाचे सर म्हणाले, "इतवारा बाजारात क्रॅकवाली कॉपी मिळते. सब वही डालते हैं."

"मला चोरीचं नाही पाहिजे, सर. लिनक्सवर तेच गणित करणारं ऑक्टेव्ह फ्री चालतं, मी ते टाकते."

"दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी चलाके दिखाओ. नाहीतर प्रोजेक्ट रिजेक्ट."

असल्या धमक्यांना आमची पोरगी भीक घालत नाही. घरच्या जुनाट संगणकावर तिनं लिनक्स चढवलं. पण त्याच्यासोबत मिळणारं तयार ऑक्टेव्ह फार जुनं निघालं, तिचा प्रोग्राम त्यावर चालेना. मग तिनं नव्याचा मूळ कोड उतरवला आणि घरीच बांधायला घेतला. त्याचे असंख्य तुकडे एकेक करून तयार होतात आणि शेवटी जोडले जातात. मशीन म्हातारं, काम रात्रंदिवस चाललेलं.

त्यात आली खंडेनवमी. या दिवशी आमच्याकडे अवजारांची पूजा होते आणि त्यांना विश्रांती असते. पल्लवीच्या आईनं, म्हणजे मंगलावहिनींनी विळा, कुदळ, फवारणीचा पंप मांडला, संगणकाच्या पडद्याला हळदकुंकू लावलं आणि भिंतीवरचं बटण बंद केलं. अगदी भक्तिभावानं!

पल्लवी झेंडूची फुलं घेऊन आली, तर पडदा काळा. तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. मला वहिनींचा असा राग आला!

"आज हत्याराले हात नाही लावत, बाई," वहिनी म्हणाल्या.

"देवीनं राक्षस मारला तेव्हा हत्याराले सुट्टी दिली होती का, आई?" असं म्हणून पोरीनं बटण दाबलं.

तयार झालेले तुकडे डिस्कवर शाबूत होते. तिनं पुन्हा तोच हुकूम दिला आणि काम अडलं होतं तिथूनच पुढं निघालं. दसऱ्याला आम्ही सोनं वाटून परतलो तेव्हा ऑक्टेव्ह उघडत होतं.

दुसऱ्या दिवशी संगणक माझ्या रिक्षात घालून कॉलेजात नेला. सरांना आधी पडद्याच्या कडेचं कुंकू दिसलं. "ये पहले पोंछो."

"ते राहणार, सर. माझ्या आईनं लावलंय," पल्लवी म्हणाली. "तुम्ही घडातल्या उष्णतेचा आलेख बघा."

सरांनी चष्मा लावला आणि खुर्ची पुढं ओढली.