एकेरी कापडाचा तंबू

अप्पांसाठी तंबू घेतोय, असं एसी मेकॅनिक सगळ्यांना सांगत सुटला होता. अप्पा म्हणजे त्याचे वडील, नगरपालिकेच्या पाणीखात्यातले निवृत्त वॉल्व्हमन. लांब दांड्याची चावी घेऊन गल्लोगल्ली पाणी सोडायचं आणि बंद करायचं यात त्यांची नोकरी गेली, आणि नोकरी सुटली तरी पाण्याची ओढ सुटली नाही. वर्षातून दोनदा बापलेक डोंगरापलीकडच्या तळ्यावर गळ टाकायला जात आणि रात्र तिथेच काढत. रस्ता संपला की पुढे अर्धा दिवस पायवाट. जुना तंबू जाड कॅनव्हासचा, नुसता धोंडा. तो अप्पाच पाठीवर घ्यायचे. यंदा त्यांच्या गुडघ्यांनी हात टेकले.

दुकानदाराने दोन तंबू उभे करून दाखवले. एक दुहेरी, आत जाळीची खोली आणि वर वेगळं छत. दुसरा एकेरी, एकाच पातळ कापडाचा, निम्म्या वजनाचा आणि स्वस्त.

"वर्षातून दोन रात्री झोपायचं," मेकॅनिक म्हणाला, "त्यासाठी काय बंगला बांधायचाय?"

"एकेरीत खिडकी उघडी ठेवावी लागते हं. थंडीतसुद्धा."

"मला सांगताय? हवेचाच धंदा आहे माझा."

अप्पा आत आडवे होऊन आले. "अंग भिंतीला लागतं रे."

"घरी मुटकुळं करूनच झोपता ना? तसंच झोपा."

तळ्यावर त्या रात्री हाडं गोठवणारी थंडी होती. अप्पा कुडकुडायला लागले तशी मेकॅनिकने खिडकीची झडप स्वतःच्या हाताने लावली. पहाटे तो गळ घेऊन पाण्यावर गेला. परतला तेव्हा तंबूवर चांगलं ऊन आलं होतं, कापड कडकडीत वाळलं होतं आणि अप्पा स्लीपिंग बॅग पाठीमागे धरून बाहेर उभे होते. बॅग कमरेपासून गुडघ्यांपर्यंत ओली. पायजमाही.

"रात्री पाऊस झाला का रे?"

"नाही, अप्पा."

गेल्याच महिन्यात डॉक्टरांनी अप्पांना लघवीच्या त्रासावर गोळी दिली होती. मेकॅनिकने पुढे काही विचारलं नाही. बॅग हळूच त्यांच्या हातातून घेतली, नाक दुसरीकडे वळवून तळ्यात खळबळली आणि झाडावर टाकली. वास घेतला नाही, याचं तर त्याला मनातून कौतुकच वाटलं. आपण किती समजूतदार.

"होतं असं वयात. मनाला लावून घेऊ नका."

अप्पांनी पाण्याकडे बघितलं. मग म्हणाले, "अख्ख्या गावाचं पाणी या हातांनी बंद केलं मी. आणि आता ही तऱ्हा." एवढं बोलून ते हसले. मेकॅनिकही हसला.

रस्त्याला लागल्यावर, अप्पा जरा पुढे गेलेत असं बघून त्याने बायकोला फोन केला. ती गुणाची. दोघं घरी पोचायच्या आत तिने अप्पांच्या गादीवर, चादरीखाली रबरी कापड घातलं. अप्पा पलंगावर बसले, खालून चर्रकन आवाज आला. ते उठले, चादर सारखी केली आणि परत बसले.

त्यानंतर त्यांनी संध्याकाळचा चहा सोडला. दिवेलागणीनंतर पाणी सोडलं. लेकीने राहायला बोलावलं, तर पाय दुखतात म्हणाले. आणि तळ्याचा विषय निघाला की, "मासे बाजारातलेच बरे."

पावसाळ्याच्या अखेरीस मेकॅनिक एका शिवणक्लासमध्ये एसी बघायला गेला. भिंतीवर ओल धरली होती आणि क्लासवाल्या बाईंचं बोट छताकडे होतं.

"वरच्या बाईची मोरी गळते. सांगून थकले. उन्हाळाभर बोलले नाही मी तिच्याशी."

मेकॅनिकने भिंतीलगतच्या एसीच्या गार नळीवरून हात फिरवला. तिच्यावर गुंडाळलेला फोम फाटला होता. मग तो आपलं रोजचं, तोंडपाठ झालेलं बोलायला लागला. "बाई, हे कुठून गळत नाही. हवेतलंच पाणी आहे. गार वस्तूला दमट हवा लागली की तिला घाम सुटतो. बंद खोली, माणसांचे श्वास, आणि गार..."

तो थांबला.

"आणि गार काय?"

"कापड," तो म्हणाला. शिडीवर उभ्या उभ्या त्याचे कान तापले.

बाई स्वतःशीच पुटपुटत होत्या. "म्हणजे मी त्या बिचारीला उगाचच."

घरी येऊन त्याने अप्पांना सगळं सांगितलं: पातळ कापड, बंद झडप, दोघांचे श्वास, भिंतीला टेकलेली त्यांची कंबर. अप्पांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"मला बरं वाटावं म्हणून सांगतोयस."

"अप्पा, खरंच सांगतो."

"तेव्हाही तू असाच गोड बोलला होतास."

थंडी पडेपर्यंत तो थांबला. मग एका रात्री गच्चीवर तोच तंबू लावला, झडप लावून घेतली आणि मुटकुळं करून, कंबर भिंतीला टेकवून झोपला. उजाडताच त्याने अप्पांना हाक मारली. कापडाला आतून थेंब लटकले होते. त्याची बॅग कमरेला भिजली होती, पायजमाही.

अप्पांनी आत हात घातला. आधी भिंत चाचपली, मग बॅग.

"हे तुझं की हवेचं?"

"हवेचं."

"कशावरून?"

अप्पांनी बोटं नाकाशी नेली, सावकाश वास घेतला.

"मी बघितलं. तू बघितलं होतंस?"

"नाही."

"बापाचा वास घ्यायचा नाही, आणि बातमी मात्र द्यायची."

एवढं बोलून अप्पा जिन्याच्या तोंडाशी गेले. "सूनबाई, जरा वर ये गं. याला काहीतरी सांगायचंय."

"अप्पा, मी खाली जाऊन सांगतो ना. कपडे बदलून..."

"असाच सांग."

जिन्यावर पावलं वाजली. पदराला हात पुसत ती वर आली. तिने तंबू बघितला, सासऱ्यांकडे बघितलं, मग तिची नजर नवऱ्याच्या पायजम्यावर गेली आणि तिथेच थांबली. चेहऱ्यावर माया दाटून आली.

"अहो, तुम्हालाही व्हायला लागलं?" तिने अगदी हळू विचारलं. "असू दे. मी आहे ना."

त्या आवाजात ना हेटाळणी होती ना राग. तरी त्याला तिथल्या तिथे जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं. त्याने अप्पांकडे बघितलं. अप्पा कठड्याला टेकून खालचा रस्ता न्याहाळत होते, आणि मदतीला यायचा त्यांचा काही विचार दिसत नव्हता.

"ऐक," तो म्हणाला, आणि ओल्या पायजम्यानिशीच तळ्यावरच्या त्या रात्रीपासून सांगायला लागला.