वांग्यांचं जहाज

आमच्या वाशीमकडे जहाज रुततं का हो? हसू नका. रुततं. मी स्वतः रुतवलंय. चहा घ्या, सांगते. कोणी मागून तिखटमीठ लावून सांगण्यापेक्षा माझी फजिती मीच सांगितलेली बरी.

इंग्रजाचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. धनजजवळच्या एका तळ्याच्या अल्याड काठाला आमची वांग्यांची बाग. मी शाळेची पायरी चढले नाही. वाण्याच्या गुळाला गुंडाळून जे कागद येत, त्यांवर बोट फिरवत अक्षरं शिकले. एकदा गुळाच्या ढेपेवरून जहाजाचं चित्र आलं. खाली लिहिलेलं, शिडाला वारा मिळाला की जहाज आपोआप चालतं. आपोआप! आयुष्यभर मोट हाकलेल्या बाईला त्या शब्दाची केवढी गोडी! तो कागद मी चुलीत घातला नाही. उशाशी ठेवला.

चैत्रात तळ्यापल्याड माझ्या धाकट्या बहिणीच्या, गोदीच्या, पोरीचं लग्न निघालं. दुपारच्या पंगतीची वांगी माझ्या बागेची, हा माझा शब्द! ताजीच तोडायची म्हणून मी मागे राहिले. बाकीचं घर बैलगाडीनं पुढं निघालं.

“वहिनी, गाडी परत धाडतो,” माझा दीर नामदेव म्हणाला.

“कायले? नाल्याचा वळसा घेऊन तुही गाडी संध्याकाळी येईन. मी जहाजानं येतो.”

“कशानं?”

“जहाजानं! पंगत मांडून ठेव.”

तळ्याचं पाणी बागांना पाळीनं मिळायचं. बांधाच्या मोरीतला लाकडी दट्ट्या काढला की पाणी पाटानं बागेत. बाकीचे बिचारे अर्धा दट्ट्या काढत, कारण चैत्रात तळं आटत आलेलं. त्या दिवशी माझा वार होता. मागच्या खेपेला माझं पाणी लवकर बंद केलं म्हणून मी पंचांशी भांडून हक्क मिळवला होता. उजाडताच गेले आणि दट्ट्या पुरा उपसून बांधावर ठेवला. माझ्या पाण्याला कोण हात लावतो बघू!

मग वांगी तोडली, चार टोपल्या भरल्या आणि गणपत भोयाचा डोंगा मागितला. ह्या डोंग्यातून तो तळ्यातले शिंगाडे काढायचा. मी त्यात बांबू उभा करून माझं जुनं लाल लुगडं बांधलं.

गणपत बघतच राहिला. “काकू, तळ्याच्या मधात चिखलाचा उंचवटा हाये. काठाकाठानं जा. अन् हा ढकलायचा बांबू घ्या.”

“ठेव तुह्याजवळ. चित्रातल्या जहाजात बांबू नोता.”

“चित्रातल्या जहाजात वांगे होते काय?”

मी डोंगा पाण्यात लोटला. कप्तानानं भोयाशी काय बोलायचं!

आणि खरंच हो, वारा आला! लुगडं फुगलं. काठ आपोआप मागे सरकू लागला. मी टोपलीला टेकून बसले. पाण्यात आभाळ उतरलेलं, त्यातून माझा लाल पदर जाताना दिसत होता. डोंग्याच्या बुडाला पाणी चुळुक चुळुक करत होतं. ना मोट, ना खुरपं, ना कुणाची हाक. वाटलं, हे तळं संपूच नये. पलीकडे गोदीचं गाव नसावं, नुसतं पाणी असावं, मग आणखी पाणी, आणि मग ती चित्रातली बंदरं. मी सगळ्या बंदरांवर वांगी उतरवली. गोऱ्या मडमांना भाव सांगितला. डोळे कधी मिटले, कळलंच नाही.

डोंगा अलगद थांबला. इतका अलगद, की मला वाटलं पोचले.

डोळे उघडले तर तळ्याच्या मधोमध! भोवती बगळे. आणि बगळे उडत नव्हते हो, उभे होते! मी हातानं ढकललं, लुगडं ओढलं, वाऱ्याला शिव्या घातल्या. डोंगा तसूभर हलेना. सकाळी हातभर पाणी असलेल्या त्या उंचवट्यावर आणि तिथून पल्याडच्या काठापर्यंत आता नुसता चिखल चमकत होता.

पल्याड अख्खं लग्न काठावर गोळा झालं.

“अक्काऽऽ! वांगे!” गोदी रडकुंडीला आली. “पाव्हणे पाटावर बसले!”

“वहिनी, उतरा!” नामदेव ओरडला.

मी पाय घातला. मांडीपर्यंत आत! कसाबसा काढून घेतला आणि मग मात्र माझं डोकं फिरलं. तळं काय आपोआप आटतं? कोणीतरी पाणी चोरलं होतं! मी डोंग्यात उभी राहिले.

“कोण मेला पाणी पळवून राह्यला? काहून गप हा सारे? ज्यानं हे तळं उपसलं ना, त्यानंच आज साऱ्या पंगतीची उष्टी काढली पायजे! हा माहा निकाल! वऱ्हाडी मंडळी, तुमी साक्षी हा!”

तळ्यावरून आवाज किती लांब जातो, ठाऊक आहे ना? नवरदेवाच्या आजोबांनीसुद्धा मान डोलावली.

तेवढ्यात मागच्या काठावरून गणपत भोयाचा शांत आवाज आला.

“काकू, दट्ट्या तं तुमीच काढला. बांधावर वाळून राह्यला. लावू काय आता?”

बगळेसुद्धा माझ्याकडे बघत होते, शप्पथ!

शेवटी पाहुण्यांना उठवून त्यांचे बसायचे पाट चिखलावर अंथरले. त्यांवरून नामदेव आला आणि टोपल्या एकेक करून नेल्या, शेवटी मलाही. एक टोपली उलटली, ती तळ्यानं ठेवून घेतली. पंगत दुपार कलल्यावर उठली, तीही चिखलाच्या पाटांवर बसून. वांगी मात्र सगळ्यांनी मागून खाल्ली, हे लिहून ठेवा.

आणि निकाल म्हणजे निकाल. चिखलानं माखून वाळलेलं लुगडं खोचून मी उष्ट्या पत्रावळी उचलू लागले. गोदीच्या नव्या विहीणबाईंनी विचारलं, “ह्या कोण व्हय?”

“माही अक्का हाये. जहाजानं आली,” गोदी म्हणाली. “अन् येतायेता तळं घरी ठेवून आली.”