धूर टेमघरहून पाड्यावर गेला

टेमघरला माझं छोटं ब्युटी पार्लर आहे. त्याच्या मागच्या अंगाला सायझिंग होतं, म्हणजे लूमवर चढवण्याआधी सुताला खळ लावायचा कारखाना. त्याच्या बॉयलरमध्ये चिंध्या, प्लॅस्टिक, जे स्वस्तात मिळेल ते जळायचं. गच्चीत वाळत घातलेल्या नॅपकिनांवर काजळी बसायची. फेशियल करून निघालेल्या बाईच्या गालावर नाक्यापर्यंत जाईतो काळे ठिपके पडलेले असायचे. आम्ही त्यावर हसायचो. मग माझ्या सासऱ्यांचा दमा वाढला आणि ते हसणं थांबलं.

त्याच सुमारास पर्यावरणासाठी काम करणारा एक पक्ष आमच्याकडे आला. पक्ष म्हणजे काय, तर एक रिटायर झालेले शिक्षक आणि बुद्धविहाराच्या हॉलमध्ये त्यांचं ऐकायला जमणारे आम्ही मूठभर लोक. सगळे त्यांना सरच म्हणायचे. महापालिकेची निवडणूक आली तेव्हा सर पार्लरमध्ये आले, ग्राहकांच्या खुर्चीत अवघडून बसले आणि म्हणाले, "मॅडम, तुमच्याकडे सगळ्या वस्त्यांमधल्या बायका येतात. तुम्ही उभ्या राहा."

मी आयुष्यात कधी माइक हातात धरला नव्हता. तरी हो म्हणाले. निशाणी मिळाली कंगवा. बायका म्हणाल्या, "हे बरं जमलं!"

प्रचारात लोक चांगलं बोलायचे, पाणी द्यायचे. एका चाळीत रात्रपाळी करून आलेला लूम कामगार दारात उभा होता. त्याने माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मॅडम, धुआँ बंद तो सायझिंग बंद. सायझिंग बंद तो लूम बंद. फिर हम क्या, साफ हवा खाएँगे?" तो चेष्टा करत नव्हता. मी सरांकडे पाहिलं. सर म्हणाले, "चांगलं इंधन वापरलं तर कारखानाही चालेल आणि हवाही साफ राहील." तो म्हणाला, "सेठ को बोलो." आणि झोपायला आत गेला.

निवडणुकीत मी दणकून पडले. पण सायझिंगच्या धुराविरुद्ध आम्ही केलेल्या तक्रारीवर गल्लीतल्या इतक्या लोकांनी सह्या केल्या होत्या, की निवडून आलेल्या नगरसेवकाने तो विषय स्वतःचा करून टाकला. एके सकाळी अधिकारी आले, बॉयलरला सील ठोकलं आणि फोटो काढले. फोटोत नगरसेवक पुढे होते, सर मागे कुठेतरी. सरांना त्याचं काहीच नव्हतं. त्यांनी स्वतः पेढे आणले. सासऱ्यांनी खिडकी उघडी ठेवून दुपारची झोप काढली. लोकांनी एकत्र येऊन मागितलं आणि मिळालं, असं मी पहिल्यांदाच पाहत होते. त्या दिवसांत मी फार खूश होते.

माझ्या पार्लरमध्ये थ्रेडिंगला, भुवया कोरायला, एक बाई कामाला आहे. वडपे गावाच्या पुढे आत, डोंगराच्या पायथ्याशी तिचा पाडा आहे. सगळी आदिवासी वस्ती. पावसाळ्यात नाचणी, एरवी गोदामांवर मजुरी. एक दिवस काम करता करता ती म्हणाली, "ताई, आपल्या मागचं सायझिंग आमच्याकडं आलंय."

मला वाटलं, दुसरं कुठलं तरी असेल. रविवारी सरांना घेऊन तिच्याकडे गेले. पाड्याच्या अगदी वर नवी पत्र्याची शेड होती. मालक तोच, बॉयलर तोच. तिची आई अंगणात सुकवलेली मोहाची फुलं निवडत बसली होती. फुंकर मारून काजळी उडवत होती. लेकीने आमची ओळख करून दिली.

म्हातारीने विचारलं, "ह्यो धूर तुमच्याकडचा हाय ना?"

सर म्हणाले, "मावशी, आपण लढू. ग्रामसभेत ठराव करू."

"तुमी लढलात, तवा ह्यो हिकडं आला. आता आमी लढलो, तर कुठं जाईल?"

तिच्या बोलण्यात राग नव्हता. तिला खरंच ते ठिकाण जाणून घ्यायचं होतं. सरांनी चष्मा काढून पुसला.

ग्रामसभेला आम्ही गेलो. मालकाने आधीच घराघरांत सांगून ठेवलं होतं की पाड्यातल्या पोरांना कामावर घेऊ. कारखान्याला विरोध कोणाचा, असं विचारल्यावर म्हातारी एकटी हात वर करून उठली. बाकीचे जमिनीकडे पाहत राहिले. कोणी त्यांना धमकावलं नव्हतं. त्यांना घराजवळ बारमाही काम हवं होतं, इतकंच. माझी थ्रेडिंगवाली आईच्या शेजारीच बसली होती. तिच्या नवऱ्याला बॉयलरवर ड्युटी मिळाली होती. तिने हात वर केला नाही. एकदा फक्त माझ्याकडे पाहिलं. मी त्या गावची नव्हते, मला हात वर करायचा हक्कच नव्हता.

नंतर मी अर्ज केले, ऑफिसांच्या बाकांवर बसले. उत्तर एकच, तिथे परवानगी आहे. सरांनी बैठका घेणं कमी केलं आणि मग ते लेकीकडे पुण्याला राहायला गेले. जाताना म्हणाले, "मॅडम, तुम्ही चालू ठेवा." काय चालू ठेवायचं, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. पुढच्या निवडणुकीत पक्षाने कोणालाच उभं केलं नाही. आमच्या मागच्या रिकाम्या जागेत गोदाम झालं. दिवसभर तिथे ट्रक इंजिन चालू ठेवून उभे असतात आणि सासऱ्यांची खिडकी पुन्हा बंद आहे.

थ्रेडिंगवाली अजून माझ्याकडेच आहे. आम्ही त्या विषयावर बोलत नाही. या उन्हाळ्यात तिची आई फार खोकायला लागली, म्हणून मी तिला शहरात छातीच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी विचारलं, "घरात चूल आहे का?" ती हो म्हणाली. त्यांनी औषधं लिहून दिली आणि चुलीच्या धुरापासून लांब राहा म्हणाले. मी कारखान्याचं सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि पुढच्या पेशंटला बोलावलं.

बाहेर आल्यावर म्हातारी म्हणाली, "चूल न्हाय पेटवायची, तर मंग रांधायचं कशावर?"

मी तिला वडप्याच्या रिक्षात बसवून दिलं आणि पार्लरला परत आले. दुपारी एका नवरीचा मेकअप होता.